गाडीवरील गालिचा-सफाईचें यंत्र : उगम व पुराव्याची पारख

अमेरिकेंत व इंग्लंडांत घरोघर जाऊन गालिचे धुणाऱ्या मोटारगाड्या आहेत. गाडीच्या पोटांत इंजिन, पाणी तापविण्याची सोय व हवा ओढणारें यंत्र बसविलेलें असतें. कामगार केवळ लांब नळी घेऊन घरांत शिरतो. तिकडे या यंत्रास ‘ट्रक-माउंट’ म्हणतात. त्यांतील डिझेलवर चालणारीं जुनीं यंत्रें कांहीं हौशी लोक आतां जतन करूं लागले आहेत. त्यांचा प्रसार इ. स. १९७० नंतरचा असल्यामुळें ही सारी कल्पनाच नवी असावी, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु इंजिन रस्त्यावर, नळी घरांत आणि मोबदला यंत्राचा नव्हे तर कामाचा, हा या व्यवस्थेचा गाभा त्याहून सुमारें सत्तर वर्षें जुना आहे. त्याच्या उगमाविषयींचीं साधनें मात्र सारख्या योग्यतेचीं नाहींत. त्यांची पारख करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) फुंकणें व ओढणें

गालिचे पसरणें, झटकणें व गुंडाळून ठेवणें हें आपल्याकडे फरासाचें काम. झटकल्यानें धूळ उडते व पुन्हा तेथेंच बसते, ही अडचण सर्व देशांत सारखीच होती. ती यंत्रानें दूर करण्याचा एक आरंभींचा प्रयत्न सेंट लुईस येथील जॉन एस. थर्मन याचा. त्याचें अमेरिकन पेटंट क्रमांक ६३४०४२ हें ता. ३ ऑक्टोबर १८९९ चें आहे. त्याचें यंत्र दाबलेली हवा गालिच्यांत फुंकी, आणि उडालेली धूळ एका पात्रांत झेलली जाई. हवा ओढून घेण्याचें तत्त्व त्यांत नव्हतें. म्हणून थर्मन यास इंजिनाच्या बळावर गालिचे साफ करणाऱ्यांचा पूर्वसूरि म्हणतां येईल. आजच्या यंत्राचा जनक म्हणतां येणार नाहीं.

तो मान ह्यूबर्ट सेसिल बूथ (१८७१–१९५५) या इंग्रज एंजिनियराकडे जातो. पूल व मोठाले फिरते पाळणे उभारण्यांत त्याची हयात गेली होती. व्हिएन्ना येथील १८९७ चा प्रसिद्ध पाळणा हें त्याच्याच हातचें एक काम. ओढण्याच्या तत्त्वावरील त्याचें इंग्लिश पेटंट १९०१ सालचें आहे. पिस्टनचा पंप, त्यास फिरविणारें पेट्रोलचें इंजिन, धूळ अडविणारें गाळणीचें कापड व लांब नळ्या असें हें यंत्र घोड्याच्या गाडीवर चढविलेलें असे. गाडी रस्त्यावर उभी राही व नळ्या खिडक्यांतून आंत नेत. त्या आवाजानें रस्त्यांतील घोडे बुजत, आणि सार्वजनिक मार्गावर हें यंत्र चालविण्याचा अधिकारच नाहीं, अशी हरकत लंडनच्या पोलिसांनीं घेतली होती. पुढें सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वीं (ता. ९ ऑगस्ट १९०२) वेस्टमिन्स्टर ॲबींतील गालिचे याच यंत्रानें साफ झाले व त्याचा लौकिक वाढला.

(२) साधनांची प्रतवारी

बूथची प्रसिद्ध कथा अशी : १९०१ सालीं लंडनच्या एम्पायर नाट्यगृहांत एका अमेरिकन गृहस्थाचें हवा फुंकणारें यंत्र त्यानें पाहिलें, फुंकण्याऐवजीं ओढीत कां नाहीं, असें त्यानें विचारलें, आणि नंतर एका उपाहारगृहांत खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानें हवा ओढून पाहिली, तों रुमालाच्या खालच्या बाजूस धूळ जमलेली दिसली. कथा सुरस आहे. परंतु ती बूथनें न्यूकमेन सोसायटीपुढें १९३४–३५ सालच्या निबंधांत, म्हणजे तेहेतीस वर्षांनंतर, आपल्या स्मरणावरून सांगितली आहे. इतर लेखकांकडे तिचे पाठभेद आढळतात. कोणी तोच प्रसंग सेंट पँक्रस स्थानकावर घालतात. तो अमेरिकन गृहस्थ थर्मनच, असें मानण्याचा मोह होतो. पण दोघेही अमेरिकन व दोघांचींही यंत्रें हवा फुंकणारीं, एवढ्या साम्यावरून व्यक्तींचें ऐक्य सिद्ध होत नाहीं.

बखर व अस्सल पत्र यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस याचें तात्पर्य सांगावयास नको. पेटंट हा तत्कालीन, तारीखवार व सरकारी दफ्तरांतील कागद. त्यावरून काल व तत्त्व ठरतें. निबंध हें कर्त्याचें स्वतःचें कथन. त्यावरून प्रेरणा समजते, काल ठरवितां येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत क्रिस्टल पॅलेसमधून पंधरा यंत्रांनीं सव्वीस टन धूळ काढल्याचा आकडा सर्वत्र छापला जातो. तोहि मूळ हिशेबाशीं ताडल्यावांचून घेऊं नये. उलट, न्यायालयाचा निकाल हें चांगलें साधन होय. १९०७ च्या दाव्यांत ‘व्हॅक्युम क्लीनर’ हे शब्द केवळ वर्णनपर आहेत असें ठरून बूथच्या कंपनीस त्या नांवावरील मक्ता नाकारला गेला. अवघ्या सहा वर्षांत हें नांव सर्वसामान्य झालें होतें, हें यावरून निश्चितपणें कळतें.

(३) गाडीचें पुनरागमन

१९०८ सालीं जेम्स मरे स्पँग्लर याच्या लहान विजेच्या यंत्रास पेटंट मिळालें. हूव्हर कंपनीनें तें घरोघर पोंचविलें, आणि रस्त्यावरील गाडीची गरज कमी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत भिंतीपासून भिंतीपर्यंत पक्का बसविलेला गालिचा रूढ झाला. तो उचलून बाहेर नेतां येत नाहीं. तेव्हां धुलाईच घरांत नेणें भाग पडलें व इंजिन पुन्हा गाडीवर चढलें. आतां पंप तापलेलें पाणी दाबानें गालिच्यांत सोडतो, आणि तेंच मळकें पाणी ओढून गाडींतील टाकींत परत आणलें जातें. ओढण्याचें काम बहुधा रूट्स पद्धतीचें यंत्र करितें. तें कॉनर्सव्हिल येथील रूट्स बंधूंनीं १८६० सालीं लोखंडाच्या भट्ट्यांसाठीं पेटंट केलेलें. त्याची ओढ साधारणतः १२ ते १४ इंच पाऱ्याइतकी ठेवितात. डिझेलचा लाभ दुहेरी : इंजिन तेवढ्याच कामास इंधन कमी घेतें, आणि त्याच इंधनावर पाणी तापविण्याची शेगडीहि चालवितां येते. वजन, आवाज व धूर हे त्याचे दोष.

(४) संग्राहकांस विनंति

अशीं यंत्रें मोडींत निघतात तेव्हां लोखंडाचा भाव पाहिला जातो. नांवाची पट्टी, इंजिनाचा क्रमांक, दुरुस्तीची वही व सूचनापुस्तिका यांकडे कोणी पाहत नाहीं. इंजिन बदललें जातें, रंग बदलतो, मालक बदलतो. यंत्राचा काल ठरविणारा लेख त्या पट्टीवरच असतो. ताम्रपटाचा पत्रा जपावा आणि या पट्टीचा पत्रा भंगारांत टाकावा, हें संशोधकास शोभणारें नाहीं. बूथच्या बाबतींत पेटंट व निकाल हाताशीं आहेत, म्हणून निर्णय करितां आला. पुढील यंत्रांविषयीं केवळ आठवणीच उरल्या, तर हीच पारख पुढें कोणासहि करितां येणार नाहीं. इत्यलम्.