शरीराचे अस्तर आणि हेन्लेची फरसबंदी

त्वचा, गालाची आतली बाजू, आतडी, श्वासनलिका, मूत्राशय यांचा जो पृष्ठभाग बाहेरच्या जगाला किंवा आतल्या पोकळीला सामोरा असतो, तो सर्वत्र अभिस्तर ऊतीचा बनलेला असतो. तिच्या पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की त्यांच्यामधून रक्तवाहिन्यांना वाट नसते, आणि आधारपटल नावाच्या खालच्या पातळ पडद्यातून झिरपणाऱ्या पोषणावर त्यांना जगावे लागते.

'एपिथेलियम' हे तिचे नाव मात्र चमत्कारिक आहे. ग्रीक भाषेत 'थेले' म्हणजे स्तनाग्र, आणि डच शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी ओठांवरील स्तनाग्रासारख्या सूक्ष्म उंचवट्यांच्या नाजूक आवरणासाठी घडवलेला हा शब्द पुढे सगळ्या शरीराला लागू झाला. तो विस्तार शास्त्रशुद्ध केला याकोब हेन्ले याने. १८३८ साली त्याने शरीरातील नाना अस्तरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पेशींच्या आकारानुसार त्यांची प्रतवारी लावली: फरसबंदीसारख्या चपट्या पेशींची, उभ्या दंडगोलाकार पेशींची आणि सूक्ष्म रोम हलवणाऱ्या पेशींची. पाठ्यपुस्तकांतील पट्टकी, स्तंभीय आणि रोमक अभिस्तर हे त्याच प्रतवारीचे वंशज असले, तरी विद्यार्थ्यांना हेन्ले माहीत असतो तो मूत्रपिंडातील 'हेन्लेच्या वळशा'पुरता, ही त्याची उपेक्षाच म्हणावी लागेल.

फरसबंदीची उपमा चपखल आहे. फुप्फुसातील वायुकोशांत फरशीचा एकच अतिपातळ थर असल्यामुळे प्राणवायू सहज पार होतो, तर सतत घासल्या जाणाऱ्या त्वचेत थरांवर थर रचलेले असून सर्वांत वरचा थर मृत, केराटिनयुक्त पेशींचा असतो. मात्र कोणतीही फरशी स्वतःला बदलत नाही. आतड्याचे स्तंभीय अस्तर तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवे होते. मूत्राशयातील बहुस्तरीय अभिस्तर त्याहून अजब आहे, कारण मूत्राशय भरू लागताच त्याच्या फुगीर पेशी चपट्या होतात आणि रिकामा होताच पूर्ववत होतात.

हे प्रकार कायमचे ठरलेले असतात, हा पाठ्यपुस्तकी समजही पुरता खरा नाही. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकांत रोमक स्तंभीय पेशींची जागा जागोजागी स्तरित पट्टकी पेशी घेतात, आणि या बदलास परारूपण म्हणता येईल. नवे अस्तर धुराला अधिक चिवटपणे तोंड देते, परंतु त्याला रोम नसल्यामुळे एरवी नकळत वर सरकणारा कफ तेथेच साचतो आणि खोकूनच बाहेर काढावा लागतो.