लेकरू सांभाळणाऱ्या मावशींनी फरशीही पुसायची का?

"मावशी, बाळ झोपलंय तोवर एवढी चार भांडी घासून घेता का?"

छत्रपती संभाजीनगरात सिडको असो, गारखेडा असो की बीड बायपासचं अपार्टमेंट, हे वाक्य कानावर पडतंच. त्यात वाईट काही नाही. घाईत, सहज म्हटलेलं असतं. पण पहिल्या आठवड्यात चार भांडी, पुढच्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या, महिनाभराने पाहुणे आले म्हणून दहा पोळ्या, असं काम वाढत जातं. पगार मात्र तेवढाच राहतो. मग एक दिवस मावशी यायच्या बंद होतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "बाई टिकतच नाहीत हो!"

त्या का टिकत नाहीत, हे समजून घ्यायचं तर आधी एक प्रश्न सोडवावा लागेल.

मावशींचं काम नेमकं कोणतं?

एक सोपी कसोटी आहे. बाळ चार दिवस आजोळी गेलं, तर ते काम उरतं का? उरत नसेल, तर ते मावशींचं. उरत असेल, तर ते घरकाम.

बाळाला भरवणं, अंघोळ, झोपवणं, फिरवणं, त्याची खिचडी शिजवणं, वाटी-चमचा आणि दुधाची बाटली धुणं, त्याचे कपडे, खेळणी आवरणं, सांडलेलं पुसणं, ही सगळी मावशींची कामं. घरभर झाडू-फरशी, सगळ्यांचं धुणं-भांडी, मोठ्यांचा स्वयंपाक, ही वेगळी कामं. सरकारी कौशल्य प्रशिक्षणातसुद्धा घरकाम करणारी व्यक्ती आणि बालसंगोपन करणारी व्यक्ती, अशा दोन वेगळ्या भूमिका धरल्या आहेत.

मधली कामंही असतात. कुरिअर घेणं, आजोबांना गोळी देणं वगैरे. ती करायची की नाही, हे आधी बोलून ठरवलं की वाद होत नाही.

पण बाळ झोपल्यावर त्या रिकाम्याच असतात ना?

इथेच आपलं चुकतं. बाळ कधी उठेल, हे कुणालाच सांगता येत नाही. मावशींचं अर्धं काम हातांचं असतं, उरलेलं अर्धं लक्ष ठेवण्याचं. ते लक्ष दिसत नाही, म्हणून आपण ते मोजत नाही.

आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. इथे अनेक भागांत वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. पाणी आलं की घरात एकच धांदल उडते. ड्रम, टब, बादल्या, जे हाती लागेल ते भरून ठेवायचं. अशा वेळी "मावशी, जरा नळाकडे बघा" म्हटलं, की रांगणाऱ्या बाळाकडे कोण बघणार? लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं, तेही आवाज न करता. म्हणून पाणी भरायला मावशींची मदत हवी असेल, तर तेवढा वेळ बाळ घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगार त्याखाली नोंदणी करू शकतात. बाळंतपण, मुलांचं शिक्षण, आजारपण, अपघात अशा कारणांसाठी मदतीची तरतूद त्यात आहे. पण कोणी कोणतं काम करायचं, किती तास करायचं, हे हा कायदा ठरवत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार महिलांनाही लागू आहे. त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आणि १४ वर्षांखालील मुलीला बाळ सांभाळायला ठेवणं हा गुन्हा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. कामाचं स्वरूप, वेळ, पगार आधी स्पष्ट सांगावा आणि आठवड्यात सलग २४ तास विश्रांती द्यावी, असं तो म्हणतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं.

थोडक्यात, कामाची हद्द आज तरी दोघांनी बसूनच आखावी लागते.

मग काय करायचं?

पहिल्याच दिवशी एका कागदावर मराठीत एवढं लिहा:

- येण्या-जाण्याची वेळ
- बाळाची कामं कोणती, घरातली इतर कामं कोणती
- पगार आणि तो देण्याची तारीख
- आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी, आजारपणाचा खाडा
- जास्तीच्या कामाचे किंवा उशिरा थांबण्याचे वेगळे पैसे
- मावशींच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ

वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांना द्या. काम एकाच व्यक्तीने सांगायचं, हेही घरात ठरवा. नाहीतर ताई एक सांगतात, सासूबाई दुसरं आणि मधल्यामध्ये मावशी बोलणी खातात.

बाळ आणि घर दोन्ही एकाच व्यक्तीने बघावं असं वाटत असेल, तर तेही चालेल. फक्त ते दोन कामं आहेत, हे मान्य करा आणि पगार तसा ठरवा.

आणि मावशी, हा लेख कुणी तुम्हाला पाठवला असेल, तर एक वाक्य लक्षात ठेवा. नाही म्हणायला अवघड वाटलं तर एवढंच म्हणा, "ताई, मी करते, पण तेवढा वेळ लेकराकडे तुम्ही बघा."