दहावी शिकलेल्या बोटांची तपासणी

टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमधल्या स्त्रियांच्या स्तनांची दर दोन वर्षांनी, अशी चारदा तपासणी झाली. उरलेल्यांना कर्करोगाची माहिती तेवढी दिली गेली. तपासणाऱ्या कुणी डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, या कामासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या आणि हातांखेरीज त्यांच्याकडे कसलेही यंत्र नव्हते.

वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये 'बीएमजे'त छापून आला. न तपासलेल्या गटात 47 टक्के कर्करोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडले होते, तपासलेल्या गटात 37 टक्के. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमधले या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीला, कमी लेखायचे कारण नाही. पण तरुण स्तनातल्या दाट ऊती क्ष-किरण चित्रात पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपून राहते. शिवाय यंत्र आले तरी चित्र वाचणारा तज्ज्ञ तालुक्याला कुठून आणायचा?

मग घरीच, आपल्या हातांनी तपासले तर? शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर हा प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतपासणी नीट शिकवली. 2002 मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू घटले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी वाढल्या. तेव्हा स्वतपासणीवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. आपले शरीर ओळखीचे असावे, एवढे मात्र हवेच.

कारण आपल्याकडे घात होतो तो 'दुखत नाही ना, मग असू दे' या समजुतीने. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. काखेतली गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे तपासणीने, घरातल्या चर्चेने नव्हे.

तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची हाताने होणारी ही तपासणी आता सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायला जाल, तेव्हा ती मागून घ्या. संकोच वाटला तर आशाताईंना सोबत न्या.