वाहिनीची रुंदी आणि संक्षेपणाचे मोल

साधनांची टंचाई असता पुरवठा वाढवावा की असलेली साधने काटकसरीने वापरावीत, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न आहे. घरगुती इंटरनेटच्या बाबतीत तो आज पुन्हा उपस्थित झाला आहे. चर्चा होते ती केबल, मनोरे व वेग यांची. संक्षेपणाची, म्हणजेच कॉम्प्रेशनची, दखल क्वचितच घेतली जाते.

हिशेब साधा आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे रंगीत चित्र सेकंदाला २५ वेळा जसेच्या तसे पाठवावयाचे, तर दर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट लागतात. ब्रॉडबँडसाठी भारतात २०२३ मध्ये ठरविण्यात आलेला किमान वेग आहे सेकंदाला २० लाख बिट. म्हणजे एका सेकंदाचे दृश्य घरी पोहोचण्यास दहा मिनिटांहून अधिक काळ लागेल! लागोपाठच्या चित्रांत जे सारखे, ते पुनःपुन्हा न पाठविणे आणि डोळ्यांस न जाणवणारा तपशील गाळणे, या युक्तीमुळेच घरात चित्रपट दिसतो. तिचा एक आधारस्तंभ असलेली 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' ही गणिती पद्धत बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत वाहिन्यांवर ताण येताच भारतातील प्रमुख चित्रपट-सेवांनी मोबाइलवरील चित्राचा दर्जा उतरविला, तोही याच विद्येच्या बळावर.

तथापि खरा प्रश्न मनोरंजनाचा नव्हे. दिवसाला दीड जीबीच्या मर्यादेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करावा. सेकंदाला ५० लाख बिटांनी येणारे तासाभराचे व्याख्यान सव्वादोन जीबी खाते. तास संपण्यापूर्वीच मर्यादा संपते. तेच व्याख्यान १० लाख बिटांत बसविल्यास अर्धा जीबीही लागत नाही. फळा आणि बोलणारा शिक्षक एवढेच दृश्य असल्याने आशयाची हानीही फारशी होत नाही.

मोठ्या कंपन्या संक्षेपण करतात, कारण त्यात त्यांचाही खर्च वाचतो. लहान शिक्षणसंस्थेला मात्र श्रम स्वतःचे आणि बचत विद्यार्थ्याची, असा व्यवहार दिसतो. म्हणून ती उदासीन राहते. जेथे लाभ एकाचा व खर्च दुसऱ्याचा, तेथे केवळ बाजारावर विसंबून चालत नाही. सार्वजनिक पैशातून निर्माण होणारी प्रत्येक शैक्षणिक चित्रफीत कमी डेटाच्या आवृत्तीतही उपलब्ध करणे बंधनकारक असावे. केबलला हा पर्याय नव्हे; पण ती गावोगावी पोहोचेपर्यंत विद्यार्थ्याचे वर्ष थांबून राहत नाही.