मठातून आलेले औषध

रजोनिवृत्ती म्हणजे स्त्रीदेहातील प्रजननाच्या कारभाराची समाप्ती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मेंदूच्या तळाशी वसलेल्या पीयूषिका ग्रंथीला ही समाप्ती कोणी कळवलेली नसते. बीजकोशाने स्त्रीबीज पिकवावे म्हणून ही ग्रंथी वयात आल्यापासून त्याच्याकडे संप्रेरकांचे हुकूम धाडीत आलेली असते. त्यांची पोच बीजकोशाकडून इस्ट्रोजेनच्या रूपाने येते, आणि ती मिळाली की ग्रंथी आपला हात आखडता घेते. पन्नाशीच्या आसपास ही पोच यावयाची थांबते. मग मात्र ग्रंथीचा तगादा सुरू होतो. हुकमामागून हुकूम सुटतात, ते अमलात आणणारे कोणी उरलेले नसल्यामुळे रक्तात त्यांचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, आणि अखेरीस त्यांतील काही भाग मूत्रावाटे देहाबाहेर पडतो. तरुण स्त्रीच्या देहात ज्या द्रव्याची वाण असावी, त्याची विपुलता वृद्ध स्त्रीच्या देहात आढळावी, या विलक्षण वस्तुस्थितीवर वंध्यत्वोपचारातील संप्रेरकांच्या इंजेक्शनांचा सारा इतिहास उभा आहे.

हा इतिहास सुरू झाला तेव्हा मूत्रात संप्रेरके सापडतात हे नवे राहिलेले नव्हते. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी १९२७-२८ च्या सुमारास गर्भवतीचे मूत्र उंदराच्या मादीला टोचून तिच्या बीजकोशात होणारे फरक दाखविले होते, आणि गर्भधारणेची पहिली विश्वसनीय चाचणी त्यातूनच निघाली. पुढे गाभण घोडीच्या रक्तातील संप्रेरक स्त्रियांना देऊन पाहण्यात आले. परंतु परक्या प्राण्याचे प्रथिन मानवी देह फार काळ खपवून घेत नाही, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि औषध निष्प्रभ ठरते, असा अनुभव आला. माणसाला माणसाचेच संप्रेरक हवे, हे त्यावरून स्पष्ट झाले. ते आणावयाचे कोठून, एवढाच प्रश्न उरला.

या प्रश्नाचे उत्तर रोममधील सेरोनो या औषधनिर्मिती संस्थेतील पिएरो डोनिनी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात शोधून ठेवले होते. रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून बीजकोशाला चेतना देणारी द्रव्ये वेगळी करण्याची रीत त्याने बसविली आणि त्या अर्काला 'पर्गोनाल' हे नाव दिले. परंतु हे औषध नेमके कोणाच्या उपयोगी पडावे याचा विचार तेथे कोणी फारसा केलेला नसल्यामुळे ती कुपी पुष्कळ वर्षे संशोधनाच्या दफ्तरात जवळजवळ बेवारस पडून राहिली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे इस्रायलमध्ये स्थायिक झालेले तरुण वैद्य ब्रूनो लुनेनफेल्ड रोमला आले, तेव्हा त्यांनी संचालक मंडळापुढे मागणी मांडली ती अशी की, या औषधाचे रीतसर प्रयोग करावयाचे तर शेकडो रजोनिवृत्त स्त्रियांनी आपले मूत्र दररोज, नियमाने, साठवून द्यावयास हवे. त्यातही एक अट होती. देणाऱ्यांत एकही गर्भवती असता कामा नये, कारण तिच्या मूत्रातील निराळ्या संप्रेरकाने सारा साठा दूषित झाला असता. औषधांचा व्यापार करणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थांना ही मागणी ऐकून काय वाटले असेल याची कल्पना वाचकाने करावी.

लुनेनफेल्ड यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार ही कोंडी फोडली ती मंडळावरील डॉन जूलिओ पाचेल्ली यांनी. हे गृहस्थ पोप बारावे पायस यांचे पुतणे. आणि सेरोनोत व्हॅटिकनचीही भागीदारी होती. वृद्ध धर्मभगिनींच्या मठांतून मूत्र गोळा करण्यास खुद्द पोपमहाशयांची मंजुरी मिळाल्याचे त्यांनी मंडळाला कळविले, आणि नकार देण्याच्या बेतात असलेले मंडळ एकदम राजी झाले. मठापेक्षा सोयीची जागा दुसरी कोणती असणार? एका छपराखाली राहणाऱ्या, वयाने उतरलेल्या, दिनक्रमाच्या काटेकोर, आणि गर्भवती असण्याचा संभव ज्यांच्या बाबतीत मुळीच नाही अशा स्त्रिया तेथे एकत्र सापडल्या. दररोजचा साठा टाकीगाड्यांत भरून रोमला येऊ लागला. एका स्त्रीच्या एका उपचारापुरते औषध काढावयास सुमारे दहा धर्मभगिनींचे दहा दिवसांचे मूत्र लागे, असे सांगतात. या औषधाच्या आधाराने झालेले पहिले मूल, एक मुलगी, १९६२ साली इस्रायलमध्ये जन्माला आले.

येथे तारखांचा एक योग नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या धर्मपीठाच्या मठांनी हे औषध शक्य केले, त्याच पीठाने २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमनाचा निषेध केला. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी, इंग्लंडमध्ये लुईझ ब्राऊन ही जगातील पहिली नलिकाबालिका जन्मली. आणि १९८७ साली त्याच पीठाने देहाबाहेरील गर्भधारणेलाही अमान्यता जाहीर केली. मठांतील त्या वृद्धांना आपल्या दानाचे पुढे काय झाले हे कोणी समजावून सांगितले होते की नाही, कोण जाणे. पेटंटे, शोधनिबंध आणि ताळेबंद यांत रसायनशास्त्रज्ञांची, वैद्यांची, संचालकांची नावे यथास्थित आहेत. देणाऱ्यांची नाहीत.

मठ हा काही एकच मार्ग नव्हता. स्वीडनमधील कार्ल गेमझेल यांनी १९५८ साली मृत माणसांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेल्या अर्काने स्त्रियांत बीजमोचन घडवून दाखविले, आणि अनेक देशांनी ही वाट धरली. ऑस्ट्रेलियाने तर १९६७ पासून सरकारी कार्यक्रमच चालविला. शवविच्छेदनगृहातून आलेल्या ग्रंथींबरोबर आणखी काय येत आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही. मेंदूची चाळण करणाऱ्या क्रॉयट्झफेल्ट-याकोब या असाध्य रोगाचे कारण त्या अर्कांतून संक्रमित होऊ शकते असे उघड झाल्यावर १९८५ साली हा कार्यक्रम बंद करण्यात आला. तोवर घेतलेल्या इंजेक्शनांपायी तेथील चार स्त्रिया पुढे या रोगाने दगावल्या. मूल हवे म्हणून दंड पुढे करणाऱ्या या स्त्रियांना, ग्रंथी कोणाच्या आणि कोणाच्या परवानगीने काढल्या याची वार्ताही नव्हती.

संप्रेरक कोठूनही आलेले असो, त्याचे हे इंजेक्शन देहात काय घडवते तेही पाहिले पाहिजे. दर महिन्याला बीजकोशात अनेक बीजपुटिका वाढीस लागतात; पण संप्रेरकाची पातळी मध्येच उतरते, आणि त्या उतारात एक बलवान पुटिका टिकून बाकीच्या सुकून जातात. इंजेक्शन ही पातळी उतरू देत नाही. म्हणून ज्या मरावयाच्या त्याही जगतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण आठ ते बारा दिवस रोज एक सुई, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, आणि 'फॉलिकल', म्हणजे पुटिका, किती मिलिमीटरचे झाले या एकाच आकड्याभोवती घराचे सारे बोलणे फिरू लागते. आज पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्यामागे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडू नये अशा बेताने ठेवलेली ती खोकी आढळतील. कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असते. तीत द्रव सोडावयाचा, कुपी न हलवता हलकेच फिरवावयाची, सुईतील बुडबुडा काढावयाचा, आणि बेंबीपासून दोन बोटे बाजूला पोटाची घडी चिमटीत धरून टोचावयाचे, हे सारे अनेक नवरे आठवडाभरात शिकतात. सासूबाई आत आल्या की दिवाणखान्यातील टीव्हीचा आवाज वाढतो. शेवटचे 'ट्रिगर'चे इंजेक्शन मात्र घड्याळाच्या काट्यावर द्यावे लागते, कारण त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी बीजे बाहेर काढावयाची असतात. रात्री साडेदहाची वेळ सांगितली असेल तर लग्नाच्या पंगतीतूनही उठून यावे लागते. कधी बीजकोश प्रमाणाबाहेर चेततात, पोटात पाणी साचते, धाप लागते, आणि क्वचित प्राणावर बेतते. ही जोखीम कागदावर सही घेताना सांगितली जाते, पण ती सही फारच घाईने होते.

लुईझ ब्राऊनचा जन्म मात्र या इंजेक्शनांवाचून झाला होता. तो घडवून आणणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी आरंभी ती वापरली होती. परंतु चेतवलेल्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजवून घेण्यास नीट साथ देत नाही असे दिसल्यामुळे त्यांनी ती सोडून निसर्गाने पिकविलेल्या एकुलत्या बीजावर भिस्त ठेवली. याच अडचणीचे निराळे आणि, माझ्या मते, अधिक दूरदर्शी उत्तर त्याच वर्षी कलकत्त्यात दिले गेले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी एडिंबरात जॉन लोरेन यांच्या हाताखाली याच संप्रेरकांच्या मापनाचा अभ्यास केलेला होता. त्यांनी रजोनिवृत्तांच्या मूत्रातील संप्रेरकाने बीजकोश चेतवून बीजे काढली, त्यांचे गर्भ गोठवून ठेवले, आणि गर्भाशय पूर्ववत झाल्यावर पुढच्या एका चक्रात गर्भ आत सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी झाली. आज जगभर 'गर्भ आधी गोठवा, मग सोडा' ही जी पद्धत रूढ होत आहे, तिचा हा सरळ पूर्वावतार होय.

बक्षीस काय मिळाले? सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने दावा अमान्य केला, परदेशी परिषदेस जाण्याची परवानगी नाकारण्यात आली, आणि अखेरीस संप्रेरकांच्या या जाणकाराची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने जन्मलेली मुलगी देशातील पहिली नलिकाबालिका म्हणून गाजली. आणि पुढे मुखोपाध्यायांचे कागदपत्र हाती आल्यावर १९९७ साली आनंद कुमार यांनीच, आपल्या नावावर जमा असलेले श्रेय खर्ची टाकून, पहिला मान कलकत्त्याचा असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. आपल्याकडे अशी लेखी कबुली देणारे शास्त्रज्ञ फार नाहीत.

मठांच्या टाक्या मागणीला पुऱ्या पडेनाशा झाल्या तेव्हा जीवतंत्रज्ञान मदतीला आले. १९९५ पासून चिनी हॅम्स्टरच्या बीजकोशातून वाढविलेल्या पेशींत मानवी जनुक घालून हे संप्रेरक कारखान्यात तयार होऊ लागले. ते अधिक शुद्ध आहे आणि महागही. त्यामुळे मूत्रजन्य औषध आपल्याकडे अद्याप सर्रास खपते, आणि पुष्कळ वैद्य ते आवडीने लिहून देतात.

आणि आता देणारी पुन्हा बदलली आहे. जिची स्वतःची बीजे उरलेली नाहीत तिच्यासाठी दुसरी तरुण स्त्री हीच इंजेक्शने आपल्या पोटात घेते. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा दात्रीचे वय २३ ते ३५ ठरविले, तिला जन्मात एकदाच दानाची मुभा दिली, तिचा विमा उतरविणे बंधनकारक केले, आणि तिच्याकडून सातांहून अधिक बीजे घेऊ नयेत असा दंडक घातला. पहिली तीन कलमे तिच्या बाजूची आहेत आणि ती फार पूर्वी यावयास हवी होती. चौथे मात्र मसुदा लिहिणाऱ्याने बीजकोशाला विचारून घातलेले दिसत नाही. सुईतून गेलेल्या द्रव्याला सातावर थांबण्याचा हुकूम कळत नाही, पुटिका पंधराही होतात, आणि उरलेल्या आठांचे काय करावयाचे याचा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरवर येऊन पडतो, तोही ती दात्री भुलीत असताना.