व्यायामविज्ञानातील अध्यापन आणि संशोधन : एकाच मैदानावरील दोन भूमिका

महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच पीएच.डी.चा प्रबंध सिद्ध करणे ही आपल्याकडील सर्वच विद्याशाखांत रुळलेली वाट होय. या वाटेवरील अडचण सामान्यतः वेळेची मानली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन नेमून दिले. २०२२ च्या नियमावलीने अंशकालीन संशोधनास मुभा दिली, पण नोकरीचे काम सांभाळून संशोधनास पुरेसा वेळ देता येईल, असे ना-हरकत प्रमाणपत्र उमेदवाराच्या संस्थेकडून मागितले. इतिहासाच्या अध्यापकाचा प्रश्न या तासांच्या हिशेबात बहुतांशी मिटतो. व्यायामविज्ञानाच्या अध्यापकाचा तेथे मिटत नाही. कारण त्याचा वर्ग आणि त्याची प्रयोगशाळा या दोहोंत तेच विद्यार्थी उभे असतात.

विदर्भात या विषयाला परंपरा नाही असे नव्हे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. परंतु आखाड्याची परंपरा ही वस्तादाच्या नजरेची परंपरा होती. शागिर्द तयार झाला की नाही, हे वस्ताद पाहून सांगे आणि ते मान्य होई. प्रबंधाची अपेक्षा नेमकी उलट आहे : शिकविणाऱ्याची नजर बाजूला ठेवून बदल मोजता आला पाहिजे.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत राहून जवळच्या महाविद्यालयात शिकविणारा एखादा अध्यापक कल्पनेत आणावा. विषय रूढ स्वरूपाचा : बारा आठवड्यांच्या धावण्याच्या प्रशिक्षणाचा दमश्वासावर होणारा परिणाम. साधन म्हणून तो केनेथ कूपर यांची १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेली बारा मिनिटांची धाव घेईल. तिला घड्याळ आणि आखलेले मैदान पुरते. कापलेल्या अंतराच्या मीटरांतून ५०४.९ वजा करून बाकीस ४४.७३ ने भागले की, दर मिनिटास शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरला जातो, याचा अंदाज मिळतो. २४०० मीटरांना तो सुमारे ४२ येतो.

सूत्र निर्दोष वापरले तरी आकडा दूषित होऊ शकतो. हीच धाव अंतर्गत गुणांसाठीही घेतली जात असेल, तर विद्यार्थी ती परीक्षा म्हणून धावतो. प्रगतीला गुण आहेत असे कळल्यास पहिल्या खेपेस हात राखून धावणे त्याला फायद्याचे ठरते. शिवाय बारा मिनिटे वेग कसा पुरवावा, हे एकदा धावल्यानेच कळते. दुसऱ्या खेपेची वाढ काही अंशी या सरावाची असते. नियंत्रित गट त्याच वर्गातला असेल, तर वसतिगृहातील सोबत्यांचे पाहून तोही पहाटे धावू लागतो, आणि ही गोष्ट नोंदवहीत येत नाही.

ऋतूही स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिखलाचे होते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उरतो हिवाळा, पण त्याच्या तोंडाशी दिवाळीची सुट्टी येते. कॉइल व त्यांचे सहकारी यांच्या १९८४ च्या अभ्यासात कसलेल्या खेळाडूंची प्राणवायुग्रहणक्षमता सराव थांबल्यापासून तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटलेली आढळली. कमी कसलेल्या विद्यार्थ्यांना हा आकडा जसाच्या तसा लागू पडणार नाही, तथापि सुट्टीचा खंड हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. पहिली चाचणी ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि दुसरी जानेवारीच्या गारठ्यात घेतली, तर काहीही न शिकविता अंतर वाढलेले दिसेल.

सर्वांत नाजूक प्रश्न संमतीचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी, अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेल्या व्यक्तींना, आणि त्यांत विद्यार्थ्यांनाही, विशेष संरक्षणाची गरज असलेल्यांत गणले आहे. ‘कोण कोण येणार?’ असे गुण देणाऱ्यानेच वर्गात विचारले असता वर होणारे हात संमती दर्शवितात, असे म्हणणे धाडसाचे होईल. मराठीत अशा व्यक्तीस ‘प्रयुक्त’ म्हणण्याची रीत आहे. व्याकरणदृष्ट्या हे कर्मणी धातुसाधित. ज्याचा उपयोग केला गेला तो. ‘सहभागी’ या शब्दात निदान भाग न घेण्याची शक्यता तरी शिल्लक राहते. शब्द बदलल्याने व्यवहार बदलत नाही हे खरे. पण संमतिपत्र मराठीत लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला, यावरून त्याची कल्पना कळून येते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. संमती विचारण्याचे काम त्या वर्गाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडे द्यावे. नकार कोणी दिला, हे गुण जाहीर होईपर्यंत अध्यापकास कळू नये. मोजणी करणाऱ्यास कोणता विद्यार्थी कोणत्या गटातला, हे ठाऊक नसावे. मूळ चाचणीपूर्वी एक-दोन सरावाच्या धावा द्याव्यात, आणि प्रबंधाची धाव गुणांच्या धावेपासून वेगळी ठेवावी. शेजारच्या दोन महाविद्यालयांतील संशोधकांनी परस्परांच्या विद्यार्थ्यांची मोजणी केली, तर यातील बरेचसे आपोआप साधते. यात सहभागींची संख्या घटेल, आणि कदाचित एक हिवाळा वाया जाऊन काम पुढील वर्षावर जाईल. २०२२ च्या नियमावलीने किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षांची मुदत ठेवली आहे. तिच्यात असे एक वर्ष बसते, मात्र आराखडा मान्यतेस पाठवितानाच ते धरलेले असले पाहिजे.