बर्फाखालचा पाइक आणि तुमची ‘साइट’: जागा निवडायची कशी?

संशोधन प्रस्तावात ‘अभ्यासक्षेत्र’ नावाचा एक परिच्छेद असतो. बरेच जण तो सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहितात. ‘सदर क्षेत्र सोयीचे व प्रातिनिधिक असल्याने निवडले’ असं एक वाक्य टाकलं की झालं! पण सोयीची जागा आणि प्रातिनिधिक जागा एकच निघणं हा योगायोग असतो, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. ‘हीच जागा का?’ या प्रश्नाचं उत्तर कसं तयार करायचं, हे समजायला आज एक लांबचं उदाहरण घेऊया.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. तिथे काही लोक बर्फात साधारण दोन बाय तीन फुटांचं चौकोनी भोक पाडतात आणि त्यावर बिनखिडकीची छोटी झोपडी ठेवतात. तिला ‘डार्क हाउस’ म्हणतात. आत अंधार, आणि बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात उतरलेला. त्यामुळे खालचं पाणी अंधाऱ्या खोलीतल्या टीव्हीसारखं उजळ दिसतं. दोरीला बांधलेला लाकडी नकली मासा, म्हणजे ‘डिकॉय’, पाण्यात गोल फिरवत बसायचं. पाइक मासा तो बघायला आला की अनेक दातांचा भाला खाली सोडायचा. भोक एकच आणि बसायचं तासन्‌तास. म्हणजे जागा चुकली की दिवस गेला.

मग ते जागा ठरवतात कशी? चार प्रश्न विचारून बघा.

पहिला प्रश्न: मासा इथे का येईल? पाइक हा दबा धरून बसणारा शिकारी आहे, आपल्याकडच्या मरळसारखा. त्याला आडोसा लागतो आणि समोर मोकळं पाणीही लागतं. म्हणून पाणवनस्पतींचा पट्टा जिथे संपतो आणि तळ खोल व्हायला लागतो, ती कड चांगली. बहुधा ही जागा दोन ते चार मीटर खोलीवर सापडते. पण वनस्पती हिरव्या, जिवंत हव्यात. बर्फावर जाड हिम साचलं की उजेड अडतो, वनस्पती मरतात, कुजतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. त्यामुळे डिसेंबरात भरलेली जागा फेब्रुवारीत रिकामी असू शकते. शिवाय बर्फ वितळला की पाइक लगेच उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतो. म्हणून हिवाळा संपत आला की अशा खाड्यांच्या तोंडाशी बसणं फायद्याचं ठरतं. थोडक्यात, जागेला तारीख असते.

दुसरा प्रश्न: आला तर मला दिसेल का? पाणी गढूळ असेल तर खाली दहा पाइक असून उपयोग नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे सरळ खाली बघतानाही तीन मीटरवरची वस्तू सुमारे सव्वादोन मीटरवर भासते, आणि तिरकं बघितलं तर ती बाजूलाही सरकलेली दिसते. म्हणून भोक कडेच्या अगदी वर हवं, ‘जवळपास कुठेतरी’ चालत नाही. यासाठी खोलीचा नकाशा बघतात, उन्हाळ्यात वनस्पती कुठे होत्या ते लक्षात ठेवतात, आणि आधी लहान भोकं पाडून तळ तपासतात. मोठं भोक त्यानंतर!

तिसरा प्रश्न: मी इथे सुरक्षित आहे का? मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा सल्ला असा, की नुसतं चालत जायलाही किमान चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंमी, नवा पारदर्शक बर्फ हवा. पांढरा, हिममिश्रित बर्फ याच्या निम्म्यानेच मजबूत धरतात. झरे, ओढ्यांची तोंडं आणि अरुंद सामुद्रधुनीसारख्या जागांवर बर्फ पातळ राहतो. गंमत म्हणजे मासेही बऱ्याचदा तिथेच असतात. तरीही ती जागा सोडायची.

चौथा प्रश्न: निर्णय मागे घेता येईल का? गळाने पकडलेला मासा मोजून परत सोडता येतो, भाला मारलेला नाही. मिनेसोटात २०१८ पासून पाइकसाठी तीन विभाग आणि विभागानुसार लांबीचे नियम आहेत. त्यामुळे भालेवाल्याला लांबीचा अंदाज आधीच, वरून बघून घ्यावा लागतो. डिकॉयची लांबी माहीत असेल तर त्याच्याशी तुलना करता येते. तुमच्या कामात नमुना नष्ट करणारी चाचणी असेल तर हाच नियम लावा: मोजपट्टी आधी, भाला नंतर.

आता मुद्द्याचं. भालेवाल्याची ‘चांगली जागा’ म्हणजे जिथे मासा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. समजा तुमचा प्रश्न ‘मोठे पाइक हिवाळ्यात काय खातात?’ असा आहे. मग अशी जागा मुद्दाम निवडणं बरोबरच आहे, कारण तुम्हाला मासे हवेत. पण प्रश्न ‘या तळ्यात पाइक किती?’ असा असेल, तर तीच जागा तुम्हाला फसवेल. सगळी भोकं वनस्पतींच्या कडेला पाडायची आणि आलेला आकडा अख्ख्या तळ्याला लावायचा, हे चालणार नाही. तिथे तळ्याचे खोलीनुसार भाग पाडून प्रत्येक भागात यादृच्छिक जागा घ्याव्या लागतील. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या निघतील, आणि ते शून्यही विदाच आहे.

शून्य वाचतानाही सावध राहा. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या विनेबॅगो सरोवरावर फेब्रुवारीत भाल्याने स्टर्जन मारतात, आणि प्रत्येक माशाची नोंद करावी लागते. तिथे कोणत्या वर्षी किती मासे मिळतील हे पाणी किती स्वच्छ आहे यावर फार अवलंबून असतं. गढूळ वर्षी आकडा पडला म्हणजे मासे घटले असं होत नाही. ते फक्त दिसले नाहीत. ‘नव्हतं’ आणि ‘दिसलं नाही’ यांतला फरक पकडायचा तर मासे मोजताना पाण्याची पारदर्शकताही मोजायला हवी. मुलाखती घेणाऱ्यांनाही हेच लागू: दुपारी घरी कोणी भेटलं नाही, म्हणजे तिथे कोणी राहत नाही असं नाही.

तेव्हा अभ्यासक्षेत्राचा परिच्छेद लिहायच्या आधी एका कागदावर पाच ओळी लिहा: माझा प्रश्न काय, उत्तर या जागी का मिळेल, मिळालं तर मला दिसेल का, कोणत्या काळात ही जागा निरुपयोगी होते, आणि कोणतं चिन्ह दिसलं की मी जागा बदलेन. पाचवी ओळ सगळ्यात अवघड जाते. ती क्षेत्रावर जायच्या आधीच लिहा. एकदा भोक पाडून तीन तास बसलं की उठावंसं वाटत नाही.